पाव, पाऊण, सव्वा : सुट्टीतल्या माप-सरावाच्या नोंदी

३० एप्रिल २०२५, बुधवार

आज अक्षय्य तृतीया. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, म्हणून मुलांना आजपासूनच बोलावलं. इंदूरच्या लोकमान्य नगरातली आठ मुलं, तिसरी ते पाचवीची. पाच इंग्रजी माध्यमाची, तीन हिंदी माध्यमाची. घरी सगळ्यांच्या मराठी. आठवड्यातून दोन-तीनदा, ऊन चढायच्या आत, सकाळी आठ ते साडेनऊ, आमच्या व्हरांड्यात. विषय दोनच: मोजणं आणि अपूर्णांक. मे अखेरपर्यंत सरावाचे कागद आणि एक मापांची पेटी तयार करायची, म्हणजे पुढच्या सुट्टीत दुसऱ्या कुणालाही ती वापरता येईल.

पहिल्या दिवशी फक्त अंदाज घेतला. सहा प्रश्न कागदावर दिले, मग तेच सहा तोंडी, रोजच्या भाषेत विचारले. कागदावर १/४ + १/२ लिहिलं होतं. बरोबर उत्तर एकाचंच आलं, चौघांनी २/६ लिहिलं, बाकीच्यांनी जागा कोरी ठेवली. तोंडी विचारलं, ‘पाव किलो शेव आणली आणि अर्धा किलो शेव आणली, मिळून किती?’ सहा जणांनी लगेच उत्तर दिलं. कुणी ‘पाऊण किलो’ म्हणालं, कुणी हिंदीतून ‘पौन किलो’. दोन वेण्यांवाली चौथीतली मुलगी तर माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाली, आणि तिच्याच कागदावर दहा मिनिटांपूर्वीचं २/६ होतं. तो कागद मी जपून ठेवला आहे.

इतकी वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं, पण कानातला पाऊण आणि वहीतला ३/४ एकमेकांपासून इतके लांब राहत असतील, हे असं समोर मांडून कधी पाहिलं नव्हतं. शाळेच्या वहीत रंगवायची वर्तुळं असतात. मुलं ती सुबक रंगवतातही. पण रंगवलेला तुकडा ही एक संख्या आहे, तिला अर्ध्याच्या पुढे आणि एकाच्या अलीकडे आपली जागा आहे, हे वर्तुळ सांगत नाही. म्हणून वर्तुळं आणि भाकऱ्या बाजूला ठेवून मोजपट्टीपासून सुरुवात करायची असं ठरवलं.

जाता जाता चष्मेवाल्या मुलाने विचारलं, ‘मावशी, साडेतीन मुहूर्तांतला अर्धा कुठला?’ आमच्याकडे दिवाळीचा पाडवा अर्धा मानतात, तेच सांगितलं.

२ मे, शुक्रवार

कंपासपेटीतली १५ सेंटिमीटरची पट्टी. प्रत्येकाला एक पेन्सिल मोजायला दिली. आठांत तीन वेगवेगळ्या चुका दिसल्या, त्या नीट लिहून ठेवते, कारण सरावाचे पहिले चार कागद यांच्यावरच बेतायचे आहेत.

एक: पट्टीची कड आणि शून्याची रेघ एकच समजणं. प्लॅस्टिकच्या पट्टीला शून्याच्या आधी थोडी कोरी जागा असते. पेन्सिल कडेला टेकवली की तेवढं माप चुकतं. शिंप्याची टेप याच्या उलट, तिचं शून्य अगदी धातूच्या टोकाशी असतं. त्यामुळे ‘कडेपासून मोजू नका’ असा सरसकट नियम सांगता येत नाही. शून्य कुठे आहे ते आधी शोधा, एवढंच सांगितलं.

दोन: एकापासून मोजायला सुरुवात करणं. मोजायचं म्हणजे एक, दोन, तीन, ही सवय बोटांवर मोजण्यातून आलेली.

तीन: रेघा मोजणं. शून्यापासून पाचापर्यंत रेघा सहा असतात. तिसरीतल्या धाकट्याने प्रामाणिकपणे सहा रेघा मोजल्या आणि सहा सेंटिमीटर सांगितलं. त्याला व्हरांड्याच्या पायऱ्यांवर नेलं आणि सांगितलं, तू किती वेळा पाय उचललास ते मोज, किती ठिकाणी उभा राहिलास ते नको. परत आल्यावर त्याने बोटाच्या नखाने एकेका जागेत टेकत मोजलं आणि पाच म्हणाला.

मग एक तुटकी पट्टी दिली, ३ च्या आधीचा भाग नसलेली. दोघांनी ‘हिच्यावर मोजता येणार नाही’ म्हणून परत केली. दोन वेण्यांवालीने ३ ला एक टोक लावलं, दुसरं ११ वर आलं, थांबली, मग ८ म्हणाली. तुटकी पट्टी पेटीत कायमची ठेवायची.

४ मे, रविवार

कागदाच्या पट्ट्या. आधी १० सेंटिमीटरच्या कापल्या होत्या, त्या निरुपयोगी ठरल्या. निम्मे ५, पाव २.५, इथवर ठीक. तिसरा भाग घ्यायला गेलं की ३.३३ येतं आणि मूल तिथे अडकतं. आता लांबी २४ सेंटिमीटर घेतली. २, ३, ४, ६, ८, १२ या सगळ्यांनी चोवीसला भाग जातो. ए-फोर कागद २९.७ सेंटिमीटर लांब आणि २१ रुंद असतो, त्यामुळे अडीच सेंटिमीटर रुंदीच्या आठ पट्ट्या एका कागदात निघतात. आठ मुलांना एकेक, एक कागद पुरला.

घडी घालून अर्धा, पुन्हा घडी घालून पाव, पुन्हा घालून अर्धा पाव. घडीच्या प्रत्येक रेघेवर पेन्सिलीने नाव लिहायचं: आधी शब्द, खाली आकडा. पाव, १/४. अर्धा, १/२. पाऊण, ३/४. अर्ध्या पावाला मराठीत अदपाव म्हणतात हे एकालाही माहीत नव्हतं. हिंदीतला ‘आधा पाव’ मात्र तिघांना माहीत होता. दोन्ही लिहू दिलं.

छेद मोठा म्हणजे अपूर्णांक मोठा, हा समज पाच जणांचा होता. १/८ हा १/४ पेक्षा मोठा, कारण आठ चारपेक्षा मोठे. त्याबद्दल आज काही बोलले नाही. घड्या त्यांच्या हातातच आहेत.

६ मे, मंगळवार

आजचा दिवस फार चांगला गेला. शेजारी भिंतीतल्या कपाटाचं काम चाललं आहे, तिथल्या सुतारकाकांना विचारून मुलांना अर्धा तास घेऊन गेले. सुतार इंचाचे आठ भाग करतात, एका भागाला सूत म्हणतात. मुलांनी हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. सेंटिमीटरच्या बाजूला दहा-दहा भाग आणि इंचाच्या बाजूला आठ, हेही कुणी आजवर निरखून पाहिलं नव्हतं.

काका म्हणाले, आतलं माप तेवीस इंच तीन सूत आहे, दोन्हीकडच्या फळ्या सहा-सहा सूत जाड, तर बाहेरून खोकं किती होईल? मुलं माझ्याकडे पाहायला लागली. काकांनी मान वर न करताच सांगितलं, ‘सहा न् सहा बारा, बारा न् तीन पंधरा. आठाचा एक इंच गेला, सात राहिले. चोवीस इंच सात सूत.’ कानावरची पेन्सिल काढून त्यांनी ते फळीवर लिहिलंसुद्धा.

घरी येऊन मी तेच कागदावर मांडलं: २३ ३/८ + ६/८ + ६/८ = २३ १५/८ = २४ ७/८. पाचवीतली थोरली म्हणाली, ‘हे तर सगळं सूतच आहे, खाली आठ लिहिलं की सूत.’ छेद म्हणजे कोणत्या जातीचे तुकडे, अंश म्हणजे तसे किती, हे मी वर्षानुवर्षं सांगत आले. तिला ते सूत या एका शब्दात मिळालं. बारा सूत आणि तीन सूत मिळवताना कुणी आठात आठ मिळवत नाही.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पोलादी टेपच्या टोकाचा आकडा, म्हणजे हूक, किंचित हलतो. मुलांना वाटलं टेप खिळखिळी झाली आहे. तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. बाहेरून अडकवून ओढलं की आकडा आपल्या जाडीइतका पुढे सरकतो, आत भिंतीला टेकवून दाबलं की तेवढाच मागे जातो. म्हणून दोन्हीकडून माप बरोबर येतं. शून्य कुठे आहे या परवाच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर मला सुचलं नसतं.

९ मे, शुक्रवार

तीनच मुलं आली, बाकीची लग्नाला गेली. पट्ट्यांच्या घड्या पुन्हा केल्या. नवीन काही घेतलं नाही.

११ मे, रविवार

तराजू. ओळखीच्या किराणावाल्याने इलेक्ट्रॉनिक काटा घेतल्यापासून जुना पारड्यांचा तराजू आणि वजनं माळ्यावर टाकली होती, ती महिनाभरासाठी दिली. लोखंडी षटकोनी वजनं, बुडाच्या खळग्यात शिसं आणि त्यावर तपासणीचा छाप. वजन खरं आहे हे सरकारचा माणूस तपासून ठोकतो, हे ऐकून मुलं प्रत्येक वजन उलटं करून छाप शोधत बसली. त्यात दहा मिनिटं गेली, जाऊ दिली.

वजनं मांडली: ५०, १००, २००, २००, ५०० ग्रॅम आणि १ किलो. चष्मेवाला म्हणाला, ‘पावाचं वजनच नाही!’ खरंच नसतं. मेट्रिक वजनं १, २, ५ या क्रमाने चालतात, त्यात २५० येत नाही. आणि इंदुरात शेव घ्यायला उभं राहिलं तर दर दुसरं गिऱ्हाईक पावच मागतं. दुकानदार २०० आणि ५० एकत्र ठेवतो. मग मुलांनीच प्रश्न तयार केले: पाऊण किलोला कोणती वजनं? ५००, २००, ५०. सव्वा किलोला? १ किलो, २००, ५०. थोरलीने विचारलं, नुसती २०० आणि ५० हीच दोन असतील तर दीडशे ग्रॅम कसं तोलायचं? बराच वेळ शांतता. तिसरीतल्या धाकट्याने ५० चं वजन उचलून शेवेच्या पारड्यात ठेवलं.

अदपावापाशी मात्र गाडी अडली. १२५ ग्रॅमला आमच्याकडे २५ चं वजन नव्हतं. तेव्हा पाव किलो शेव आधी तोलली, मग दोन पारड्यांत निम्मी-निम्मी होईपर्यंत चिमटीने इकडची तिकडे केली. वजन न वापरता अर्धा करता येतो हे मुलांना फारच आवडलं.

सराव-कागद ९ ते १२ यावरून लिहिले. भाव २४० रुपये किलो धरला म्हणजे पाव ६०, अदपाव ३०, पाऊण १८०, सव्वा किलो ३००, हिशोब सुटसुटीत येतात.

१४ मे, बुधवार

समोरचे अण्णा आज स्वतःहून आले. हातात पितळेची दोन जुनी मापं, एक चिपटं आणि एक मापटं, त्यांच्या आजीच्या संसारातली. ‘अगं, तू मुलांना पाव-अर्धा शिकवतेस असं ऐकलं, मग हे कशाला कपाटात ठेवू?’ म्हणाले.

तांदूळ आणले. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर. चिपट्याच्या निम्मं कोळवं. ते अण्णांकडे नव्हतं, म्हणून चिपट्यातले तांदूळ दोन सारख्या वाट्यांत वाटून दाखवलं. शेर एक धरला तर मापटं १/२, चिपटं १/४, कोळवं १/८. दर वेळी फक्त अर्ध्याचं अर्धं. सुताराच्या सूतालाही हीच रीत: इंचाचं अर्धं, त्याचं अर्धं, त्याचं अर्धं. आमच्या कागदाच्या घड्याही तशाच.

तोलायच्या शेराचं अण्णांनी वेगळं सांगितलं, मुलांचा गोंधळ होऊ नये म्हणून मीही ते वेगळ्या कागदावर लिहिलं. तो शेर ८० तोळ्यांचा, साधारण ९३३ ग्रॅम, आणि त्याचे १६ छटाक. रुपयाचे आणेही १६. १९५७ साली रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि पुढच्या वर्षापासून किलोग्रॅम यायला लागला, तोवर सगळा बाजार सोळांतच मोजायचा.

मग अण्णांनी पावकी, म्हणजे पावाचा पाढा, म्हटली. एक पाव पाव, बे पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक, पाच पाव सव्वा... मुलं तालावर डोलायला लागली. निमकी म्हटली, पाऊणकी म्हटली, दिडकी म्हटली. औटकीचं तर नावही मुलांनी ऐकलं नव्हतं. औट म्हणजे साडेतीन. बे औट सात. अण्णांचं वय पंच्याऐंशी. कुठेही अडखळले नाहीत.

पाढे घोकून अपूर्णांक समजतो असं माझं म्हणणं नाही. पण पावकी म्हणताना बोट पट्टीवर पुढे सरकत असेल तर? आम्ही ते करून पाहिलं. तीन पट्ट्या टोकाला टोक लावून चिकटवल्या आणि प्रत्येक ‘पाव’ला एक घडी पुढे. पाच पावला बोट पहिल्या पट्टीच्या पुढे गेलं, आणि सव्वा हा एकाच्या पुढचा मुक्काम आहे हे बोटालाच कळलं. पावणेदोन म्हणताना मात्र दोघांची बोटं दोनाच्या पुढे गेली. नावात दोन ऐकू येतो, म्हणून. त्यांना दोनवर उभं करून एक घडी मागे यायला सांगितलं.

१८ मे, रविवार

आज तो पहिल्या दिवसाचा कागद दोन वेण्यांवालीला परत दिला. बरोबर-चूक काही म्हटलं नाही. ‘तुझं हे उत्तर पट्टीवर कुठे येतं ते दाखव,’ एवढंच म्हटलं.

तिने नवी २४ ची पट्टी घेतली. सहा भाग कसे करायचे याचा विचार केला. आधी इंग्रजी एससारखी दुमडून तीन भाग केले, कडा जुळेपर्यंत दोनदा सोडून पुन्हा दुमडलं, मग त्याच्या मधोमध एक घडी. उघडून सहा घरं मोजली. दोन घरांवर पेन्सिलीने खूण केली. मोजपट्टी लावली: ८ सेंटिमीटर. मग आपली जुनी पट्टी त्याखाली धरली, जिच्यावर १/२ ची घडी १२ वर होती. खालची घडी, वरची खूण, पुन्हा खालची घडी, असं दोन-तीन वेळा पाहिलं. मग हळूच म्हणाली, ‘मावशी, अर्ध्यात पाव मिळवला आणि अर्ध्यापेक्षा कमी झालं?’

मी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. तिने २/६ खोडलं नाही. त्याच्या शेजारी ८ लिहिलं, मग खाली १२ + ६ = १८ लिहिलं, १८ वरची घडी शोधली, तिथे तिच्याच अक्षरात पाऊण, ३/४ लिहिलेलं होतं.

बाकीच्यांचं काय चाललं होतं ते आज मी पाहिलंच नाही.

२१ मे, बुधवार

दशांश चिन्ह. दीड तास म्हणजे १ तास ५० मिनिटं, असं चौघांनी लिहिलं. १.५ मधला ५ त्यांना पाच किंवा पन्नास मिनिटं वाटतो. तसंच सव्वा किलो म्हणजे १.२५, मग १ किलो २५ ग्रॅम. चूक एकच आहे: टिंबानंतरचा आकडा म्हणजे लहान एकक, असं मुलं धरतात. किलोचे हजार, तासाचे साठ, मीटरचे शंभर, हे टिंबाला माहीत नसतं. त्याला फक्त दहा भाग, शंभर भाग एवढंच माहीत. तासाचा अर्धा ३० मिनिटं, किलोचा अर्धा ५०० ग्रॅम, मीटरचा अर्धा ५० सेंटिमीटर, आणि तिन्ही ठिकाणी .५. यावर तीन कागद केले. अजून दोन लागतील.

२५ मे, रविवार

सकाळी राजवाड्याला गेलो. सात मजली दरवाजा, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. ३/७ दगडी, ४/७ लाकडी, हे मुलांनी खालूनच मोजून सांगितलं. मी विचारलं, मग राजवाड्याच्या उंचीचा ३/७ भाग दगडाचा का? सगळी हो म्हणाली. चष्मेवाला मात्र मान वर करून पाहत राहिला. ‘मजले एकसारखे उंच असले तर,’ म्हणाला. बोलू नये असं ठरवूनही मी त्याची पाठ थोपटली. समान भाग ही अट पुस्तकात एका ओळीत लिहिलेली असते, ती त्याला तिथे उन्हात उभं राहून दिसली.

परतताना धाकट्याने स्वतःच एक उदाहरण घातलं: छप्पन दुकानांचा अदपाव किती? सात दुकानं.

२८ मे, बुधवार

दीडपावाचं गणित घेतलं: पाव आणि अदपाव मिळून ३७५ ग्रॅम, १/४ + १/८ = २/८ + १/८ = ३/८ किलो. पट्टीवर ९ सेंटिमीटर. दोन वेण्यांवाली आपली पट्टी उलटीसुलटी करत होती. ‘सुतारकाकांचे तीन सूतपण इथेच,’ म्हणाली. तिने मागच्या बाजूने पट्टीला इंच मानून सुतं लिहून ठेवली होती. दीडपाव आणि तीन सूत, दोन्ही नावं तिने एकाच घडीवर, एक पुढून आणि एक मागून लिहिली.

३१ मे, शनिवार

शेवटचा दिवस. आज अहिल्याबाई होळकरांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली. शहरभर कार्यक्रम आहेत, म्हणून वर्ग सातलाच भरवला.

सत्तर सेंटिमीटरची पट्टी केली, एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष. ३१ मे १७२५ ला चौंडीला जन्म, तिथे शून्य. १७५४, कुंभेरीच्या वेढ्यात नवरा खंडेराव गेले, २९. १७६६, सासरे मल्हारराव गेले, ४१. १७६७, कारभार हाती आला, ४२. १७९५, पट्टीचं टोक. आयुष्याचा किती भाग राज्य केलं? ४२ पासून ७० पर्यंत, २८.

मुलांनी सवयीने घडी घातली. अर्धा ३५. पाव १७.५. अदपाव ८.७५. पाव आणि अदपाव मिळून २६.२५, अठ्ठावीस नाही. थोरलीने आणखी एक घडी घातली, तरी नाही. ‘अर्ध्याचं अर्धं करत गेलं तर येणारच नाही का हे?’ तिने विचारलं. येणार नाही. महिनाभर चिपटं, सूत, घड्या, सगळं दोन-दोनने चाललं होतं. इथे दुसऱ्याच जातीचे तुकडे हवेत. कोणते, ते मी सांगितलं नाही.

४२ आणि २८ दोन्हींना कशाने भाग जातो हे शोधायला त्यांना वीस मिनिटं लागली. २ ने करून पाहिलं, ७ ने करून पाहिलं, मग १४. चौदा-चौदाचे पाच भाग. तीन भाग आधीचे, दोन राज्याचे. २/५. चष्मेवाल्याने भागाकार करून ०.४ आणलं आणि मोजपट्टीच्या दहा भागांतल्या चारावर बोट ठेवलं.

पाच घड्या घालायचं काम दोन वेण्यांवालीकडे दिलं. लांब कागद, पहिल्यांदा एक घर मोठं झालं, दुसऱ्यांदा जमलं. पट्टी आता व्हरांड्याच्या भिंतीवर लावली आहे. ४२ च्या घडीखाली तिने १७६७ लिहिलं आहे, आणि वर, राज्याच्या दोन घरांवर, बारीक अक्षरात: दोन पंचमांश. तराजू परत पाठवला. चिपटं-मापटं अण्णांनी इथेच ठेवायला सांगितलं.